सत्त्याऐंशी नंबरचा मुनारा

बालाघाटला आलो तेव्हा माझ्याजवळ दाखवण्यासारखं एकच होतं, हस्ताक्षर. शाळा सातवीतच सुटली होती. वडील गेले, थोरला भाऊ जिनिंगमध्ये कामाला लागला आणि मी त्याच्या मागे मागे कपाशीच्या गाड्यांभोवती फिरत मोठा झालो. त्या सात-आठ वर्षांत मी काय केलं, असं कोणी विचारलं तर धड उत्तर देता यायचं नाही. मग आत्यानं बोलावून घेतलं. तिचे यजमान बालाघाटला सरकारी नोकरीत होते. जंगल खात्यातल्या एका नाकेदाराशी त्यांचं बसणं-उठणं होतं, आणि त्या वर्षी हद्दीच्या मुनाऱ्यांवर नंबर टाकायला सुबक अक्षराचा माणूस हवा होता. ऐंशीच्या दशकाचा मधला काळ तो. मी बावीस वर्षांचा. आमचं गाव अमरावतीच्याही पलीकडे, काळ्या मातीचं, जिकडे पाहावं तिकडे उघडं. गोंदियाहून छोट्या लाईनीच्या गाडीत बसलो आणि दोन्ही बाजूंना झाडं जवळ जवळ येऊ लागली, तेव्हाच मी पिशवी छातीशी ओढून घेतली होती.

मुनारा म्हणजे जंगलाच्या हद्दीवर रचलेला दगडांचा खांब, कमरेएवढा उंच. एकापासून दुसरा जेमतेम दिसेल इतक्या अंतरावर. असे मुनारे डोंगरावरून, नाल्यातून, शेतांच्या कडेनं कोसच्या कोस जातात. त्यांना जोडणारी पट्टी झाडझुडूप तोडून मोकळी ठेवायची, तिला सगळे 'लाईन' म्हणत. भाताची कापणी उरकली की लाईनीवर निघायचं आणि होळीच्या आधी परत यायचं. दिवसभर चालायचं, आडवी आलेली झुडपं तोडायची, मुनारा आला की ढासळलेले दगड पुन्हा रचायचे, चुना मारायचा, काळ्या रंगानं नंबर टाकायचा, रजिस्टरात लिहायचं आणि पुढे निघायचं. बिरसाच्या बाजूची आमची लाईन पायी चालत महिन्याभराची होती.

आम्ही तिघे होतो. नाकेदार काका पन्नाशीचे, बालाघाट शहरातले, खाकी कोटाच्या खिशात सुपारी आणि तोंडात सल्ला कायमचा. त्यांनी पहिल्याच सकाळी मला बाजूला घेतलं.

"पाह्य पोरा, एकशे बारा नंबरचा मुनारा कोपऱ्याचा हाय. तिथं रेंजर साहेब जीपनं येईन तपासाले. नंबर आन् रजिस्टर जुळलं त पुढच्या लाईनीवर ठेवतो तुले, होळीपरेंत. नाही जुळलं त आत्याच्या घरचा चा पी आन् गाडी धर."

मी मान हलवली. निघताना आईला सांगून आलो होतो की या वेळी टिकून राहीन. आधी दोन ठिकाणांहून परत आलो होतो, तेही असंच सांगून गेल्यावर. तिसऱ्यांदा त्या घराच्या उंबऱ्यात पिशवी घेऊन उभं राहायची माझी हिंमत नव्हती.

तिसरा माणूस रामपायलीजवळच्या खेड्यातला, तिशीचा. घरी भाताची शेती, चौघे भाऊ. दर हिवाळ्यात धान घरात आलं की हा कुऱ्हाड खांद्यावर टाकून लाईनीवर येई. मी त्याला भाऊ म्हणायचो. त्यानं माझं नाव एकदाच विचारलं आणि लगेच विसरला. माझी रजिस्टरातली अक्षरं पाहून म्हणाला, "आं? हे त छापल्यावानी हाय. किती शिकला बे?"

"सातवी."

"मी दुसरी. म्हंजे तू माहा मास्तरच झाला."

तेव्हापासून मी मास्तर.

पहिला आठवडा मी फक्त घाबरण्यात घालवला. रंगाचा डबा लवंडेल म्हणून भीती, चुना संपेल म्हणून भीती, रजिस्टर भिजेल म्हणून ते युरियाच्या रिकाम्या थैलीत गुंडाळून पोटाशी बांधलेलं. वाटेत तीन-तीनदा थांबून ते आहे की नाही चाचपायचो. काड्यापेटीतल्या काड्या संपल्या तर, पायाला साप चावला तर, काका मला विसरून पुढे गेले तर. भाऊ पुढे कुऱ्हाड चालवत असायचा. त्याला मागं न पाहताही कळायचं.

"मास्तर, रजिस्टरले भूक लागली असन. दोन घास भात चार त्याले."

पण त्यानंच मला चालायला शिकवलं. माणूस बावीस वर्षांचा होईपर्यंत चालतच असतो, पण ते चालणं वेगळं. चुन्याची बादली प्रत्येक मुनाऱ्याला हात बदलून धरायची, नाहीतर संध्याकाळी एक खांदा खाली उतरतो. चढावर बोलायचं नाही, उतारावर बोलत राहायचं. दुपारचं जेवण पोटभर करायचं नाही. बुटात पाय सोलले गेले तेव्हा त्यानं मोहाच्या बियांचं घट्ट तेल शेकोटीवर पातळ करून मला दिलं आणि स्वतः पाठ फिरवून बसला, म्हणजे मला कण्हता यावं.

बांबूच्या दाट रांजीत शिरताना तो मोठमोठ्यानं बोलायचा. मी विचारलं, "काहून वरडते भाऊ?"

"अस्वलाले सांगा लागते का आपण येऊन राह्यलो. न सांगता गेलं त त्याले राग येते. तुह्या घरी कोणी न सांगता घुसलं त तुले नाही येनार?"

आणि काय बोलायचा? घरचं. मधल्या भावाची बायको कशी भांडते, बैल कोणी कोणाच्या वावरात सोडले, धाकट्याच्या लग्नात जावयाला कसं कमी वाढलं. त्या जंगलातल्या अस्वलांनी त्याच्या घरची सगळी भांडणं ऐकली आहेत. पुढे पुढे मीही सांगायला लागलो. मोठ्यानं बोलण्यासारखं माझ्याकडे फार नव्हतं, पण आईबद्दल सांगितलं, दोनदा परत आलो तेही सांगितलं. बांबूत तोंड करून सांगताना लाज वाटत नाही, हे मला तिथं कळलं. त्यानं ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशीपासून चुन्याच्या बादलीचं अर्धं वजन त्याच्या कुऱ्हाडीच्या दांड्यावर गेलं.

जेवण तोच करी. त्याच्या गावचे लोक भाताशिवाय कशालाच जेवण म्हणत नाहीत. भात, लाखोरीच्या डाळीचं वरण, जवसाची चटणी. ज्या दिवशी दहा मुनारे व्हायचे त्या दिवशी तो घरून फडक्यात बांधून आणलेला चिन्नोर, वासाचा बारीक तांदूळ, काढायचा. भात शिजून भांडं उघडलं की वास सगळ्या पडावावर पसरायचा आणि काका सुपारी थुंकून आपोआप ताट घेऊन बसायचे. मी ज्वारीचा माणूस. पंधरा दिवस भात खाऊन झाल्यावर एकदा माझ्या तोंडून निघून गेलं की भाकरीची आठवण येते. सामानाच्या पुढच्या फेरीला काकांना त्यानं कुठून कोण जाणे ज्वारीचं पीठ आणायला लावलं. घमेलं पालथं घालून, तीन दगडांच्या चुलीवर, आयुष्यात पहिल्यांदा त्यानं भाकरी थापली. ती कडेनं फुटली, मध्ये कच्ची राहिली.

"कशी झाली?" तो माझ्या तोंडाकडे पाहत होता.

"ह्याच्यावर नंबर टाकू का भाऊ?"

 तो इतका हसला की काका तंबूतून बाहेर आले. मी बालाघाटात केलेला तो पहिला विनोद. भाकरी मात्र मी सगळी खाल्ली, करपलेला पापुद्रासुद्धा.

सकाळी सालाच्या झाडांच्या पानांवरून दहिवर टपटपत असायचं. काळा चहा, गूळ घातलेला. शेकोटीच्या ज्या बाजूला धूर नाही ती जागा तो रोज माझ्यासाठी सोडायचा आणि स्वतः डोळे चोळत धुरात बसायचा. मी जागा बदलू म्हटलं तर म्हणे, "मले धूर लागते. धुराबिना चा पचत नाही." अशा माणसाचे आभार कसे मानतात ते मला येत नव्हतं, आजही येत नाही. मी रोज त्याची कुऱ्हाड घासून द्यायला लागलो.

चूक झाली ती नेमकी तो बरोबर नसताना.

पंचाऐंशीव्या मुनाऱ्याजवळ बांबूचं खुंट त्याच्या टाचेत खोल घुसून मोडलं. काका त्या दिवशी सकाळीच सामान आणायला बिरसाला गेले होते. मी आत राहिलेला तुकडा ओढून काढला, तेल लावून चिंधी बांधली आणि त्याला पडावावर झोपायला लावलं. "आजचा दिवस मी एकटा करतो," म्हणालो. हे वाक्य बोलताना मला फार बरं वाटलं होतं.

शहाऐंशी झाला. पुढे लाईन बुजलेली होती. पावसाळ्यात घाणेरी इतकी माजली होती की पुढचा मुनारा दिसेना. मी काठीनं झुडपं बाजूला सारत उताराच्या अंगानं गेलो आणि पायवाटेच्या कडेला, जिथं वाट घाट चढून माथ्यावर येते तिथं, मला दगडांची रास सापडली. ढासळलेली, वर वाळक्या डहाळ्या पडलेल्या, नंबराचा मागमूस नाही. जुने मुनारे असेच ढासळलेले असायचे. मी डहाळ्या झटकल्या, दगड उतरवले आणि नीट चौकोनी रचले. दगड जरा वेगळे होते, हे माझ्या हातांना कळलं होतं. काही नदीतल्यासारखे गुळगुळीत, काही पांढरे गारगोटे, काही लालसर. त्या डोंगराचा दगड काळा. पण मला वाटलं, सरकारनं आणले असतील. चुन्याचे दोन हात मारले आणि वाळल्यावर माझ्या सगळ्यांत चांगल्या अक्षरात ८७ लिहिलं. रजिस्टरात नोंद केली: 'सत्त्याऐंशी. दुरुस्त केला. इथे लाईन वाकते.' मग वर चढून पुढचा मुनारा शोधला, त्यावर ८८. संध्याकाळी पडावावर परतलो तेव्हा भाऊ म्हणाला, "वा मास्तर, एकट्यानं पाच?" मी त्या रात्री शांत झोपलो. चार दिवसांनी आम्ही कोपऱ्यावर पोचलो.

कोपऱ्याचा मुनारा सिमेंटचा, जुन्या काळचा, नंबर कोरलेला. भाऊ लंगडत पुढे होता. तो थांबला. मी मागून आलो. कोरलेला आकडा स्पष्ट होता, ११२.

आणि मी नुकताच मागच्या मुनाऱ्यावर ११२ लिहून आलो होतो. रंग अजून बोटांवर ओला होता.

मी तिथंच खाली बसलो. रजिस्टर सोडलं आणि उलटं उलटं वाचत गेलो. शोधायची गरज नव्हती खरं तर. मला आतून माहीत होतं. 'इथे लाईन वाकते.'

"काय दिसत होतं तिथं?" भाऊनं विचारलं.

"गोट्यांची रास. पायवाटेच्या कडेले. रंगीबेरंगी गोटे, वर डहाळ्या..."

त्यानं कपाळावर हात मारला. "घाटाच्या माथ्यावर? जिथून लोक बाजाराले उतरतेत? आं मास्तर! तो देव हाय. जाणारा-येणारा एक गोटा टाकते तिथं, आपल्या आपल्या गावचा. तू देवाले चुना लावला?"

"नंबर बी टाकला," मी म्हणालो. 

काका दुपारी आले. ऐकल्यावर ते माझ्यावर फिरले. "चाळीस वर्ष झाले या खात्यात लोक चुका करून राह्यले, पण देवाले नंबर कोणी देल्ला नव्हता! काहून रे, मानसासारखा मानूस, देव आन् मुनारा वळखता येत नाही?" बराच वेळ बोलून झाल्यावर ते खाली बसले आणि सुपारी कातरत शांत झाले. "आता असं कर. आज मंगळवार. साहेब शनिवारी येते. मागच्या एकशे बाराच्या पुढं एक 'अ' लावून टाक. एकशे बारा अ. रजिस्टरात बी तसंच. साहेब काही सत्त्याऐंशीपरेंत चालत नाही जाणार. देवाचं राहू दे, पुढच्या पावसाळ्यात चुना धुपून जाईन."

खरं सांगायचं तर माझा जीव भांड्यात पडला. एक अक्षर, बस. मी ब्रश उचललासुद्धा.

"थांब बे," भाऊ म्हणाला. मग काकांकडे वळून, "काका, तो देव लाईनीच्या बाहेर हाय. शहाऐंशीहून देवाकडं आन् देवाहून वरच्या मुनाऱ्याकडं लाईन मारली त मधली गावची मोहाची झाडं सरकारी जंगलात जातेत. पंधरा-वीस तरी असतीन. रजिस्टरात असंच राह्यलं त पुढच्या सालचा नाकेदार गावच्या बायाईले मोह वेचू देईन काय? कागद दाखवीन."

काकांनी अडकित्ता मिटला. ते जंगल खात्याचे जुने माणूस, कागदाचं काय होतं ते त्यांना माझ्याहून जास्त माहीत होतं. "मंग काय करतं? पंचवीस मुनारे हायेत मधात. शनिवार चार दिवसांवर."

"वापस जातो. देव धुतो, नंबर बदलतो."

"तुह्या पायानं?"

"पाय माहा हाय ना."

 मला नोकरीची भीती वाटत होती, आणि त्या भीतीत मोहाची झाडं कुठंच नव्हती. हे लिहिताना अजूनही बरं वाटत नाही. पण तेव्हा मी फक्त ब्रश डब्यात ठेवला आणि बादली उचलली.

बुधवारचा दिवस गावांमधल्या आडवाटेनं मागे जाण्यात गेला. भाऊनं कुऱ्हाड काकांकडे ठेवली होती, तिच्या जागी काठी. उताराला तो माझ्या खांद्यावर हात ठेवायचा आणि तरीही बोलत राहायचा. "आता देवाची तक्रार गेली असन वर. का बा, मले भरती केलं पण पगार नाही."

"हसू नको भाऊ."

"हसू नको त काय, रडू? रडून चुना निघते काय?"

गुरुवारी सकाळी घाटमाथ्यावर पोचलो तेव्हा तिथं आधीच एक म्हातारा उकिडवा बसलेला होता. जवळच्याच गोंडांच्या खेड्यातला, अंगावर घोंगडी, हातात विझलेली बिडी. आणि माझा चौकोनी पांढरा मुनारा. त्याच्यावर, चुन्यावरून, लोकांनी सहा दिवसांत नवे गोटे टाकले होते, आणि ८७ या आकड्याच्या पायाशी कोणी तरी पिवळं फूल ठेवलं होतं.

म्हाताऱ्यानं आमच्याकडे पाहिलं, मग माझ्या बादलीकडे. "तुम लिखे हो?"

"हाँ बाबा."

"तो अब हमारा देव सरकार का हो गया?" त्याच्या आवाजात राग नव्हता. तो खरंच विचारत होता. "गाँव में सब पूछ रहे हैं. इधर के महुआ में जाना कि नहीं जाना. देव को नंबर मिला, तो पेड़ को भी मिलेगा."

मी हिंदीत कच्चा. शब्द सापडेनात. हात जोडले आणि म्हणालो, "मेरी गलती है बाबा. मैं बाहर का हूँ. मुनारा समझा. मिटाने आया हूँ."

त्यानं घोंगडी सावरली. "कहाँ के?"

मी गावाचं नाव सांगितलं. त्यानं ते कधी ऐकलं नव्हतं. "बहुत दूर होगा," म्हणाला आणि बिडी पेटवायला भाऊकडे काडी मागितली.

खाली नाला होता. चुना निघायला वेळ लागतो. आम्ही एकेक गोटा टोपलीत घालून खाली नेला आणि नारळाच्या काथ्यानं घासून घासून धुतला. भाऊ नाल्यात पाय टाकून बसला होता, टाच थंड पाण्यात, आणि घासत होता. मी वर-खाली करत होतो. धुतलेले गोटे वर आणून मी पहिल्यासारखे एकावर एक ठेवायला लागलो तर म्हातारा कडाडला.

"अरे रचो मत! दीवार मत बनाओ. देव को कोई रचता है? डालते हैं."

"लेकिन बाबा, कौन सा पत्थर कहाँ था..."

"किसी को नहीं मालूम. छोड़ दो उधर. आज बाजार है, लोग आएँगे."

आणि लोक आले. डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बाया, कोंबड्या पायांनी धरलेले पुरुष, सगळे घाट चढून बिरसाच्या बाजाराला चाललेले. म्हातारा प्रत्येकाला तेच सांगायचा, माझ्याकडे बोट दाखवून, आणि प्रत्येक वेळी गोष्ट थोडी वाढायची. एक बाई हसून हसून टोपली उतरवून बसली. दुसरीनं मला विचारलं, "देव को कौन सी क्लास में भरती किए थे?" मग ओल्या गोट्यांतला एक उचलून त्यांनी राशीवर टाकायचा, टाकताना काहीतरी पुटपुटायचं आणि पुढे जायचं. मी रचलेले तेवढे चौकोनी राहिले होते, त्यांच्यावर कसेही पडत गेलेले गोटे. दुपारपर्यंत रास पहिल्यासारखी वेडीवाकडी झाली. ८७ लिहिलेला सपाट दगड मी सगळ्यांत शेवटी धुतला. आकड्याची काळी सावली पूर्ण गेली नाही. म्हाताऱ्यानं तो उलटा करून टाकला.

त्यानं आम्हाला कोदोची, म्हणजे कोद्र्याची, पेज पाजली, मिठाची खडी घालून. भाऊनं विचारलं, "बाबा, अब महुआ में जाओगे ना?"

"जाएँगे. पर कागज में भी मिटाओ."

मी पोटाशी बांधलेलं रजिस्टर सोडलं, तिथंच, त्याच्या समोर, 'इथे लाईन वाकते' वर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं की ही नोंद चुकीची आहे, हा मुनारा नाही, हे गावाचं देवस्थान आहे, हद्द वरून सरळ जाते. त्याला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं, मराठीत, मग तुटक्या हिंदीत. त्यानं मान डोलावली.

मग पंचवीस मुनारे. ८८ चं ८७, ८९ चं ८८. आधी आकड्यावर चुन्याचा जाड हात, तो वाळेपर्यंत पुढचा गाठायचा, मग मागे येऊन नंबर. म्हणजे प्रत्येक अंतर तीनदा चालायचं. मीच चाललो. भाऊला मी एका मुनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत सरळ जाऊ दिलं आणि तिथं बसून ओरडायला सांगितलं, म्हणजे घाणेरीतून मला दिशा कळावी. तो काय ओरडायचा ते इथं लिहिण्यासारखं नाही. गुरुवारी सहा झाले, शुक्रवारी अंधार पडेपर्यंत सोळा. तीन राहिले. शनिवारी सकाळी लवकर उरकू, साहेब काही दुपारच्या आधी येत नाही, असा हिशेब होता.

साहेब सकाळी आठलाच आले होते.

आम्ही कोपऱ्याखालच्या पडावावरून चढ चढून वर आलो तर जीप उभी, आणि कोपऱ्याच्या अलीकडच्या मुनाऱ्यासमोर रेंजर साहेब कमरेवर हात ठेवून उभे. उंच, चष्मा, हिंदी भागातले. त्यांच्या शेजारी काका, हातात चहाचा ग्लास, चेहरा पांढराफटक.

"वो एक सौ बारह," साहेब कोपऱ्याकडे बोट करून म्हणाले, "और ये भी एक सौ बारह. जुड़वाँ हैं क्या?"

काका घाईनं म्हणाले, "साहब, ओस बहुत गिरती है, रंग फैल जाता है, वो असल में ग्यारह..."

 काकांनी मला वाचवायला खोटं सांगितलं होतं आणि मी गप्प राहिलो असतो तर कदाचित चाललंही असतं. पण रजिस्टरात मी स्वतःच्या हातानं रेघ मारलेली होती. "साहब," मी म्हणालो, "गलती मेरी है. मैंने देव के पत्थर पे नंबर डाल दिया था."

मग सगळं सांगितलं, जशी येईल तशा हिंदीत, मध्ये मध्ये मराठीत घसरत. भाऊ बाजूला काठीवर रेलून उभा होता आणि जिथं मी अडलो तिथं एकेक शब्द सरकवत होता. साहेबांनी रजिस्टर मागितलं. खोडलेली नोंद बराच वेळ वाचली. मराठी त्यांना थोडं थोडं कळत असावं. मग पान उलटून पुढचे आकडे तपासले, सगळे.

"कितना पढ़े हो?"

"सातवीं, साहब."

"हाथ अच्छा है." त्यांनी रजिस्टर मिटलं आणि माझ्या हातात दिलं. मग काकांना म्हणाले, "उस घाट पे असली सत्तासी के पास सीमेंट का खंभा लगवाओ. कोई दूसरा आके फिर भगवान को भरती न कर ले." आणि जीपकडे जाता जाता, मागं न वळता, "अगली लाइन सोमवार से. तीनों."

जीप गेली. काका मटकन बसले. "हरामखोरा," मला म्हणाले, "मले साहेबापुढं खोटा पाडलं! दव पडते म्हणून सांगून राह्यलो होतो ना मी?" पण चहाचा ग्लास त्यांनी माझ्याच हातात दिला. त्यातला अर्धा चहा मी प्यालो, अर्धा भाऊला दिला. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते थांबेना. आईला आता लिहायचं होतं, आणि काय लिहायचं तेही मला माहीत होतं. भाऊनं पाहिलं आणि पाठ फिरवून, ग्लास हलवत, जंगलाकडे पाहत चहा संपवला.

मग ग्लास जमिनीवर ठेवून म्हणाला, "चाल मास्तर. तीन राह्यले."

मी चुना ढवळला आणि त्या दुसऱ्या एकशे बारावर पहिला हात मारला.